काचेचा आकडा

कळसच्या रामहरीतात्यांनी मोठ्या हौसेनं घोटाळा करून ठेवला होता. टीव्ही दुरुस्त करायला बारामतीहून माधवी येणार, म्हणून त्यांनी सकाळीच मागचं झाकण उघडलं, डाळिंबावर फवारणी करायच्या ब्लोअरनं धूळ उडवली आणि सगळं फडक्यानं पुसलं. त्यात काचेच्या पाठीवरची चिठ्ठीही खरवडून काढली.

"किमतीची असंल म्हटलं. नुसतं आकडंच हुतं," तात्या म्हणाले.

नेमके तेच आकडे माधवीला हवे होते.

टीव्ही जुना, प्लाझ्माचा. त्याला वीज पुरवणारा बोर्ड जळाला होता, आणि असे बोर्ड आता कुणी बनवत नाही. फिजिक्स शिकून बारामतीत दुरुस्तीचं दुकान टाकलेल्या माधवीनं महिनाभर शोधून कऱ्हाटीत तसाच एक टीव्ही मिळवला होता. त्याची काच तडकलेली, बोर्ड मात्र धडधाकट. पण बोर्ड सारखे असले तरी काचा सारख्या नसतात. काचेत लाखो बारीक कप्पे असतात, आणि ते पेटायला किती व्होल्ट लागतात हे प्रत्येक काचेचं वेगळं. ते त्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. कमी दिले तर ठिपके दिसतात. जास्त दिले तर काचेमागचे भाग जळतात. तसं झालं तर पुन्हा शोधायला दुसरा टीव्ही नव्हता.

"पोरांनी नवा आणला हुता की," खाटेवरून मुक्ताकाकू म्हणाल्या. वर्षापूर्वी लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं होतं. "बाजूनं बघितलं की सगळी माणसं राखंत लोळल्यागत दिसायची. दिला परत."

"मग टीव्हीच समोर ठेवायचा ना, काकू."

"समोर दार हाय. दार झाकून कबड्डी बघू व्हय? गोठ्यात कोण आलं, कोण गेलं, ते कुणी सांगायचं? हे? ह्यांना म्हस सुटल्याली कळत न्हाय."

तात्या ओशाळं हसले.

माधवीनं कऱ्हाटीचा बोर्ड बसवला, मीटर जोडला, डावा हात पाठीमागे धरला. चालू बोर्डाला दोन हात लावायचे नाहीत, हा तिचा नेम. बोर्डावरचा, व्होल्ट कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू तिनं पार खाली आणून टीव्ही लावला. एकशे नव्वद व्होल्ट. कबड्डीची मॅट दिसली, पण तिच्यावर लाल ठिपके वळवळत होते.

"गोवर आलाय," काकू म्हणाल्या.

एकशे पंच्याण्णव. दोनशे. ठिपके विरळ होत गेले. दोनशे दोनला माधवीनं पुढे येऊन पाहिलं. चित्र स्वच्छ होतं.

"झालं, काकू."

"न्हाय. डाव्या कोपऱ्यात मुंग्या हायेत."

"मला तर नाही दिसत."

"तुला कशा दिसतील? तू उभी हायेस."

माधवी घुटमळली. आणखी वाढवायचं म्हणजे धोका. शेवटी ती खाटेपाशी गुडघ्यांवर बसली आणि काकूंच्या उशीला डोकं टेकवलं. उशीला खोबरेल तेलाचा वास होता. इथून दाराचा उजेड काचेवर येत नव्हता, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात चार ठिपके खरंच लुकलुकत होते.

"व्हय गं?" काकूंनी अगदी हळू विचारलं.

"व्हय, काकू."

ती परत मागे गेली. स्क्रू केसभर फिरवला. दोनशे तीन. आणखी केसभर. तात्या खाटेचा खूर धरून बसले होते.

"बास!" काकू ओरडल्या. "हात काढ!"

मीटर दोनशे चारवर थांबला होता. माधवी पाच मिनिटं तशीच उभी राहिली. काही तापलं नाही, कसला वास आला नाही. मॅटवर एका खेळाडूनं तिघांना बाद केलं आणि काकूंनी डाव्या हातानं तात्यांच्या पाठीत एक दणका घातला.

"आता बंद करते, काकू. झाकण लावायचंय."

"अगं, मॅच हाय ना."

उघड्या टीव्हीच्या मागे कुणी जाऊ नये म्हणून माधवी तिथंच भिंतीला टेकून बसली, मुठीत झाकणाचे स्क्रू घेऊन. मॅच संपायला अजून सव्वीस मिनिटं होती.