बुवांचं वैराग्य

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. तेर गावच्या देवळात वसंतरावबुवा कीर्तनाला उभे राहिले की आम्हा श्रोत्यांना घरदार आठवत नसे. पण त्या वर्षी बुवा थिजतच गेले. चेहरा लाकडासारखा, पापणी लवेना, पाऊल उचलेना, हातातल्या चिपळ्या थरथरत. हार घातला तरी हसू नाही.

आम्ही भाबडी माणसं! म्हटलं, बुवांना वैराग्य आलं. उमाबाईंनी तर त्यांच्या दारात नारळ ठेवून लोटांगण घातलं. "देहभान सुटलं बघा. संतपण म्हंजे हेच!"

पेटीवाला गफार तेवढा कुरकुरला. "कसलं संतपण, मावशी? मी सूर धरून बसतो, अन् बुवा सुरावर येतच न्हाईत."

एका दुपारी मी बुवांच्या ओसरीवर असताना त्यांच्या पत्नी अनसूयावहिनींनी नैवेद्याचा गूळ बुवांच्या हातावर ठेवला. खडा तोंडात गेला आणि बुवांच्या डोळ्यांना धार लागली.

"हे वैराग्य नव्हे गं. मला गूळ गोड लागत नाही, नामही गोड लागत नाही. देवानं मला टाकलं. लोकांना कुठल्या तोंडानं सांगू? कीर्तन बंद."

वहिनींनी पदर खोचला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं बुवांना सोलापूरला नेलं. सोबत गफार आणि मी.

डॉक्टर राघवेंद्र यांनी बुवांचं मनगट हलवून पाहिलं. "औषध काय चालू आहे?"

"रक्तदाबाची गोळी," वहिनी म्हणाल्या. "सर्पगंधेची. गेल्या दिवाळीपासनं."

डॉक्टर खुर्ची ओढून बुवांजवळ बसले. "मेंदूत निरोप पोचवणारे रस असतात, बुवा. एक डोपामिन, एक सेरोटोनिन. ही गोळी दोन्हींचे साठे रिते करते. डोपामिन आटलं की अंग आखडतं, हात कापतो, पार्किन्सनच्या कंपवातासारखं. सेरोटोनिन आटलं की मन खचत असावं, असं म्हणतात. पक्कं अजून कुणाला ठाऊक नाही. गोळी बदलू. नंतरही हात कापला, तर तो मूळचाच कंपवात. त्यावरही औषध देईन."

बुवांनी हळूच विचारलं, "म्हंजे देवानं टाकलं नाही?"

"टाकलं असतं तर वहिनी कशाला दिल्या असत्या?"

परतताना गफार म्हणाला, "मावशीला नारळ परत मागू द्या आता!" बुवा हसले नाहीत, पण त्यांनी त्याच्याकडं वळून पाहिलं.

पुढं हळूहळू पाऊल मोकळं झालं, आवाज उघडला. उजव्या हाताचा कंप मात्र राहिला. तो मूळचाच होता. डॉक्टरांनी त्याची गोळी दिली, बुवा ती नेमानं घेत.

काकड्याच्या दिवसांत बुवा पुन्हा उभे राहिले. हातातल्या चिपळ्या आपसूक वाजायला लागल्या. बुवा थबकले, आम्हीही.

"गफार, लय धर रे," ते म्हणाले. "देवानं मला न थकणारा टाळकरी दिलाय!"

देऊळ हसलं. उमाबाई सगळ्यांत मोठ्यानं. पेटीनं सूर दिला, आणि बुवांनी असं नाम घेतलं की वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

आरतीनंतर त्या प्रसादाचा गूळ वाटत आल्या. बुवांनी खडा तोंडात टाकला, आणि कापता हात परत पुढं केला.

"अजून एक दे गं."