सायलेन्सरवरचा पत्रा

नवऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळली की खडखडायची, आणि त्या खडखडाटाच्या जिवावर एक बाई रोज आपल्या बापाशी बोलून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यानं जावयाला चारचौघांत सुनावलं होतं, “पोरीवर पुन्हा हात टाकलास तर याद राख.” तेव्हापासून तिला माहेरचं नाव काढायची बंदी. आता म्हातारा अंथरुणाला खिळला होता. ती डाळीच्या डब्यातून जुना फोन काढून रोज पाच मिनिटं बोलायची. कोपऱ्यावर खडखड झाली की फोन पुन्हा डाळीत.

बापानं जन्मभर गॅरेज चालवलेलं. एकदा फोनवर तो आवाज ऐकून म्हणाला, “सायलेन्सरवरच्या पत्र्याचा बोल्ट तुटलाय. एक पट्टी आवळली की झालं.”

“वाजू द्या, बाबा,” ती म्हणाली. म्हातारा काय ते समजला.

सुट्टीच्या दिवशी नवऱ्यानं गाडी जॅकवर चढवली, टेकू लावले, हिला ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं आणि स्वतः खाली उताणा शिरला. हा गडी हातोडी घेऊन भलताच पाईप ठोकत बसलेला. गंजलेल्या नटावरून पाना सटकला, बोटं सोलली. ही मनातून सुखावली. ठोक म्हणावं, दिवसभर ठोक!

बोटं सोलल्यावर राग कुणावर तरी निघणारच.

“म्हणे बाप गॅरेजवाला! लोकांच्या चांगल्या गाड्या बिघडवून पोट भरलं त्यानं. त्याला कळत होतं काय, डोंबल?”

मार तिनं सोसला होता, शिव्या सोसल्या होत्या. बापाच्या हातातल्या कलेला नावं ठेवलेली मात्र तिला सोसवली नाहीत. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

“बाबांनी नुसता आवाज ऐकून ओळखलं! वरच्या पत्र्याचा बोल्ट तुटलाय. पट्टी आवळा.”

गाडीखाली हातोडी थांबली. खडखड सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. आणि माहेरचं नाव बंद होऊन दोन वर्षं.

“पट्टी दे,” तो एवढंच म्हणाला. पत्र्याभोवती पट्टी आवळून बाहेर आला, रेस देऊन पाहिली. आवाज साफ बंद. “हुशार आहेस हो!” म्हणत हात पुसून जेवायला बसला. त्याच्या लक्षात आलं नाही, असं तिला वाटलं. बिचारीला तसंच वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या यायला चांगला तासभर अवकाश होता. बापाला सांगितल्यावाचून तिला राहवेना.

“बाबा, तुमचं अगदी बरोबर निघालं. पट्टी आवळली नि आवाज बंद!”

म्हातारा खूश होऊन हसला. मग एकाएकी घाबरून म्हणाला, “अगं, मग तो आला की तुला कळणार कसं?”

मागून हात आला आणि फोन काढून घेतला.

“नाहीच कळलं हो तिला,” जावई म्हणाला. फोन त्यानं बंद केला नाही. ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला.

“ठेवू नका, बाबा. तुमचा कान फार तयार आहे म्हणे. आता हे ऐका.”

आणि त्यानं स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घातली.