कुंडलिकनानानं धरलेला सूर

डिंगोऱ्याच्या कुंडलिकनं चाळीस वर्षं सनई वाजवली, पण एकच सूर. चाल काढायची जोडीदार गेणभाऊनं; यानं मागं नुसता सूर धरायचा. नाकानं श्वास घ्यायचा, गालानं सोडायचा, आणि चालवाला सनई कपाळाला लावेपर्यंत थांबायचं नाही, हा गुरूचा नेम. एकदा वरातीत धरलेला सूर त्यानं म्हणे ओतूरला पंगत उठल्यावर सोडला. मधे दोन जिलब्याही खाल्ल्या.

तरी गेणभाऊ चारचौघांत म्हणायचाच, "कुंडलिक म्हंजी अर्धा वाजंत्री. एकल्यानं वाजवून दाखव म्हणावं!" ते कुंडलिकला लई लागायचं.

यंदा येडगावच्या धरणाकाठच्या जत्रेत त्याच्या पुतणीचा, हर्षालीचा बँड होता. पोरं तोंडाला काळं-पांढरं फासून ब्लॅक मेटल नावाचं कानठळ्या बसवणारं रॉक वाजवायची, आणि हर्षाली त्यात आयरिश बॅगपाइप मिसळायची. काखेतली कातडी पिशवी दाबली की एका नळीतून चाल, बाकीच्यांतून अखंड सूर. जत्रेच्या सकाळी ती रडकुंडीला येऊन उभी.

"नाना, पिशवी कांदाचाळीत ठेवली व्हती. उंदरानं खाल्ली. चाल मी तिकडच्याच पत्र्याच्या बासरीवर काढीन, पन सूर कोण धरंल?"

कुंडलिकनं सनई पुसली. "मला त्येवढंच येतं, पोरी."

संध्याकाळी गायक ऋतिकनं पहिली किंकाळी फोडली, तसे उसातले तीन बिबटे शेपूट घालून थेट कळंबला गेले. ड्रम पत्र्यावरच्या गारांसारखे तडतडले, गिटारी वावटळीगत फिरल्या, वर बासरी घारीसारखी तरंगली. आणि तो सगळा कल्लोळ आपल्या एका सुरावर उभाय, हे कुंडलिकला तळपायापासून जाणवलं. काय पोरं! काय वाजवत होती, राव!

गाणं संपलं. हर्षाली बासरी ओठाशीच धरून भारावलेली. कुंडलिकनं सूर सोडला नाही.

"नाना, संपलं!" ऋतिक कुजबुजला. नानाची नजर बासरीवर. अख्ख्या जत्रेत तेवढा एकच सूर. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला, धरणाच्या पाण्यानं लाटा मारायच्या सोडल्या.

शेवटी पोरांनी त्याच सुरावर दुसरं गाणं धरलं, मग तिसरं. चौथं बसवलंच नव्हतं. पुन्हा तोच एकटा सूर.

गर्दीतून गेणभाऊ धापा टाकत मंचापाशी आला. त्याचे डोळे भरलेले. "पोरी, बासरी कपाळाला लाव! एकला हाय त्यो, पन पुरा वाजंत्री हाय. सकाळपतूर सोडायचा न्हाई!"

हर्षालीनं बासरी कपाळाला लावली. कुंडलिकनं सनई खाली घेतली, मिशी पुसली.

"काय हे गेणभाऊ," तो म्हणाला, "आत्ता कुठं सूर लागाया लागला व्हता."