मार खाणाऱ्याची सत्ता

दादाची पहिली थप्पड खरी बसली तेव्हा रबरला वाटलं, अंतर चुकलं. माणूस आहे, चुकतो.

तसा तो कधी चुकला नव्हता. दादा नाटक-सिनेमातला फाइट मास्टर, ही त्याची धाकटी बहीण. अठरा वर्षं ती त्याच्या हातून मार खात होती आणि त्याचा पंजा तिच्या गालाला एकदाही लागला नव्हता. जिन्यावरून ढकला, टेबलावरून फेका, बाई पडायची, उठायची, कपडे झटकायची. म्हणून सगळे तिला रबर म्हणत.

आज प्रेक्षक तीनच होते, टेबलामागे बसलेले निवड समितीचे लोक. कलाविद्यापीठात नाट्य आणि चित्रमाध्यमांत पीएच.डी.साठी एकच जागा निघाली होती. तीन वर्षं विद्यावेतन, हॉस्टेलची खोली, तालमीला हॉल. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनीही अर्ज करावेत असं जाहिरातीत होतं, म्हणून भावाबहिणींनी दोघांनीही केला. एकसष्ट अर्जांतून तिघांना बोलावलं. त्यांत ती होती. दादाला दोन ओळींची दिलगिरी आली. "मार खाण्यात डॉक्टर!" म्हणून तो पोट धरून हसला आणि मग चार दिवस कुणाशी बोलला नाही.

तिला ती जागा जिवापाड हवी होती. चाळिशी आली, गुडघे कुरकुरायला लागले. पोस्टरवर नाव दादाचं, मानधन दादाच्या हातात, घराची किल्लीसुद्धा त्याच्याच खिशात. ही संधी गेली तर पडता पडताच म्हातारं व्हायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि रबर निघून गेली तर आपल्या हाताखाली पडायला कोण, हे दादालाही ठाऊक होतं.

तरी प्रात्यक्षिकाला जोडीदार म्हणून तिनं त्यालाच आणलं. अशी चूक या धंद्यातलं माणूसच करू जाणे. घरात दादा भडकला की कपाटाचं दार उखडायचा, पण तालमीत त्याचा हात म्हणजे हात. अशा हातावर जीव टाकायची सवय लागली की त्या हातामागे एक माणूसही आहे, हे विसरायला होतं.

तिचा विषय सरळ होता. मारामारीच्या प्रसंगात सगळी सत्ता मार खाणाऱ्याची असते. तो नजर देतो, मग समोरच्याचा हात सुटतो. थपडेचा आवाज तोच मांडीवर काढतो. केस धरून फरपटायचं असेल तर मारणारा नुसती मूठ डोक्यावर ठेवतो. खाणारा ती दोन्ही हातांनी धरतो आणि स्वतःच स्वतःला ओढत नेतो. थांबायचं असेल तर भूमिकेबाहेरची हाक मारायची. प्रसंग नवरा-बायकोचा होता, म्हणून खूण ठरली होती: ती 'दादा' म्हणाली की संपलं.

दुसरी थप्पड नजर द्यायच्या आतच आली. कान सुन्न झाला, जीभ दाताखाली सापडली, तोंडात रक्त आलं. मग पोटात ठोसा. वाकता वाकता तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं, की यात चूकबीक काही नाही.

"दादा," ती म्हणाली.

त्यानं कॉलर धरून तिला उभं केलं आणि तोंड तिच्या कानाशी नेलं. "काय गं? सत्ता तुझी ना? लिहिलंयस ना एवढं? चालव मग." त्यानं तिला खाली आपटलं आणि बरगडीत बूट घातला. आत काहीतरी कट्‌कन वाजलं.

अध्यक्षबाई वहीत टिपून घेत होत्या. शेजारचे म्हातारे दिग्दर्शक रंगात आले होते. तिसरे गृहस्थ पाणी पीत होते. तिच्या खोट्या मारावर लोक डोळे झाकायचे, आणि खऱ्यावर इथं एकाची पापणी लवली नाही. खऱ्या माराला ओरडायला श्वासच उरत नाही, म्हणून तोच त्यांना खोटा वाटत होता! रबरला दादाचा आला नाही इतका संताप त्या तिघांचा आला.

आता ओरडून सांगावं तर विषय तिथंच मेला. गप्प राहावं तर आणखी दोन लाथांत ती मरेल.

दादानं केस धरले. मूठ ठेवली नाही, मुळापासून धरले आणि तिला फरशीवरून खेचलं. तिनं नेहमीसारखे दोन्ही हात वर नेऊन त्याची मूठ डोक्यावर घट्ट दाबली. हजारदा दाबली होती. त्याला संशय येण्याचं कारण नव्हतं. मग तिनं गुडघे टेकले आणि सगळं अंग पुढे झोकून कपाळ जमिनीकडे नेलं. पडणं तिला येत होतं. त्याचं मनगट तिच्या वजनाखाली उलटं वळलं. तिनं सोडलं नाही, आणखी दाबलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

दादा किंचाळला. दिग्दर्शकांनी टाळ्या वाजवल्या. "वा! काय किंकाळी आहे!"

"खरी आहे ती," रबर धापा टाकत म्हणाली. "गाडी बोलवा."

मग धावपळ. अध्यक्षबाईंचा रंग उडाला होता. "अपघात झाला का हो हा?"

दादा भिंतीला टेकून पांढराफटक पडला होता. "हो म्हण," तो पुटपुटला. "अपघात म्हण, बाई."

जोडीदाराला इजा करणाऱ्याला इथं जागा नव्हती. अपघात म्हटलं तर ती बेफिकीर; नाही म्हटलं तर सख्ख्या भावाचा पोटापाण्याचा हात तिनं तिघांदेखत मोडला होता.

"नाही," ती म्हणाली. "मोडायचाच होता मला." तिनं सदरा वर केला. बरगडी काळीनिळी पडली होती आणि तिच्यावर बुटाचा तळ उमटला होता. "तुम्ही मघाशी टिपून घेतलंत ना? काय लिहिलंत, वाचा बघू."

अध्यक्षबाईंनी वही ओढली. त्यांना वाचवेना. शेवटी हळूच म्हणाल्या, "'इथून पुढे प्रतिक्रिया कमी पडते.'"

"इथून पुढंच खरं होतं. माझा अर्ज फाडून टाका, तो चूक होता. सत्ता समोरचा देतो तोवरच असते. बघणाऱ्याला खरा मार ओळखू का येत नाही, यावर मला तीन वर्षं काम करायचंय."

दिग्दर्शकांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

गाडी यायला वीस मिनिटं लागली. ती दारात लागली आणि अध्यक्षबाई कागद घेऊन बाहेर आल्या. उमेदवारांत रबर शेवटचीच होती. "जागा तुमची," त्या म्हणाल्या. "सही आजच लागेल." दादा बाकावर हात मांडीत घेऊन बघत होता. तिनं सही केली, वाकडीतिकडी, आणि मग त्याला उठवलं.

गाडीत दोघं शेजारी टेकली. मग तो म्हणाला, "वजन बरोबर टाकलंस." आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "हात गेला गं माझा."

तीही रडली. पडायला त्यानंच शिकवलं होतं तिला, जुन्या गादीवर, मानेखाली हात धरून. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

वळणावर गाडी कलली. त्याचं सगळं अंग तिच्या मोडक्या बरगडीवर आलं. तिनं कोपरानं त्याला ढकललं.

"सरक तिकडं. लागतंय मला."

अठरा वर्षांत हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं. दादा सरकला, दाराला चिकटून बसला, आणि दवाखाना येईपर्यंत जागचा हलला नाही.