निरोगी माणसाची वही

"नाडी अठ्ठ्याऐंशी. रक्तदाब एकशे शेहेचाळीस. साखरेची गोळी दिवसातून दोनदा. एक कान बहिरा. एक छाती काढलेली." मॅडमनी एकेक ओळ लाल पेनाच्या टोकाने टोचत वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "आणि वर शीर्षक काय, तर 'एका निरोगी व्यक्तीचा अभ्यास'! अहो काकू, थट्टा करताय का माझी?"

"नाही मॅडम. सगळं स्वतः मोजलंय."

"मोजलंय ते दिसतंय. निरोगी कुठे दिसतंय?"

टेबलासमोर उभी असलेली विद्यार्थिनी छत्तीस वर्षांची होती. वर्गातल्या बाकी साऱ्या जणी अठरा-एकोणीसच्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिचं नाव काकू पडलं आणि हळूहळू ते मॅडमच्याही तोंडी बसलं. काकूने अकरा वर्षं याच रुग्णालयात आया म्हणून काढली होती. चादरी बदलल्या, बेडपॅन धुतले, गेलेल्या माणसांचे डोळे मिटले. मग नर्सिंगच्या कोर्सला नोकरीतल्या बायकांसाठी राखून ठेवलेल्या दोन जागांपैकी एक तिच्या वाट्याला आली. वयाची अट होती. यंदा परीक्षा हुकली की पुन्हा बसता येणार नव्हतं. शनिवारपर्यंत वहीवर मॅडमची सही नाही तर परीक्षेचा अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर सोमवारपासून पुन्हा बेडपॅन, इतका सरळ हिशेब होता.

पहिल्या वर्षाला 'आरोग्याच्या मूळ संकल्पना' नावाचा विषय असतो. त्यात प्रत्येकीने एका निरोगी माणसाचा महिनाभर अभ्यास करून वही लिहायची असते. आता मुलींनी निरोगी माणूस शोधायचा कुठे? त्यांनी तो शोधलाच नव्हता. तो वसतिगृहात आयता मिळायचा. वय पस्तीस, उंची पाच फूट सात इंच, नाडी बहात्तर, श्वास अठरा, रक्तदाब एकशे वीसवर ऐंशी, व्यसन नाही, झोप सात तास, शेजाऱ्यांशी संबंध सलोख्याचे. मुली त्याला बहात्तरराव म्हणत. मोठ्या मुली जाताना त्याला धाकट्यांच्या स्वाधीन करून जात. गेली कित्येक वर्षं हे गृहस्थ पस्तिशीतच होते, त्यांना साधी सर्दी म्हणून झाली नव्हती. एका मुलीने मागे शक्कल लढवून त्यांची बाई केली. पण वैयक्तिक स्वच्छतेच्या रकान्यात 'दाढी रोज करतात' तसंच राहून गेलं. तिलाही पंचवीसपैकी वीस गुण मिळाले.

काकूने मात्र सासूबाईंना निवडलं.

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली. "रोग नाही एवढ्यावरून माणूस निरोगी ठरत नाही, असं तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवलंत. त्याचं मन, त्याची माणसं, त्याचं काम, सगळं बघायचं. मग रोग आहे एवढ्यावरून माणूस आजारी कसा ठरतो?"

मॅडमनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. बाई वाईट नव्हत्या. साठ वह्या, दोन वॉर्डांच्या पाळ्या आणि वरून येणारी पत्रं यांत त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असायचा.

"हे बघा, वही उत्तम आहे. मी खोटं बोलणार नाही. वरचं शीर्षक बदला, 'रुग्णाचा अभ्यास' करा, पुढच्या वर्षी हीच वही मी डोळे झाकून घेईन. यंदासाठी दुसरं कोणीतरी लिहून आणा. लिहायला काय, एक संध्याकाळ लागते. तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे."

"म्हणजे बहात्तरराव."

"मी काही ऐकलं नाही," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्या पानावर आडवं लाल अक्षरात लिहिलं, 'व्यक्ती निरोगी नाही. पुन्हा लिहा.'

काकूने वही घेतली, पण तिचे कान तापले होते. आया असताना कोणी 'ए बाई' म्हणून ओरडलं तरी ती खाली मान घालून फरशी पुसत राहायची. तेव्हा पोट आडवं यायचं. आज काय आडवं येत होतं ते तिला नीट ठाऊक होतं, आणि ते तिला मॅडमना सांगता आलं नव्हतं.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी काकूने सासूबाईंना वहीबद्दल सांगितलं, तेव्हा त्या शिवणयंत्रावर वाकून कुणाच्यातरी पँटची उंची कमी करत होत्या. त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाई कपड्यांच्या दुकानात बसून दुरुस्तीची कामं करत आणि उरलेली घरी आणत. काकूचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. पोरीची शाळा, डबा, ताप, पाढे हे सगळं सासूबाईंच्या अंगावर होतं आणि म्हणूनच काकू वर्गात जाऊन बसू शकत होती.

"सगळं लिहावं लागेल, आई," काकूने तेव्हा बिचकत सांगितलं होतं. "ऑपरेशनचंसुद्धा."

यंत्र थांबलं होतं. नऊ वर्षांत त्यांनी ती गोष्ट सख्ख्या बहिणीलाही कळू दिली नव्हती. उरलेल्या कापडाची एक घडी त्यांनी स्वतःच शिवून घेतली होती, ती रोज पोलक्यात छातीशी ठेवून त्या दुकानात जात. कोणाच्या बापाला पत्ता लागला नव्हता.

"कशाचा अभ्यास म्हणालीस?" त्यांनी बरा कान पुढे केला.

"निरोगी माणसाचा."

"आणि त्यात मला घेतेस?"

"हो."

सासूबाई बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. दोरा केव्हाच ओवून झाला होता.

"मग लिही सगळं," त्या म्हणाल्या. "अर्धवट लिहायचं असेल तर माझं नाव नको घालूस."

तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी हात पुढे करून बसत. घड्याळ समोर ठेवून काकू पूर्ण मिनिट मोजायची, आणि तेवढं मिनिट सासूबाई श्वासही जपून घेत, जसा काही फोटो काढला जातोय.

आता ती वही लाल होऊन परत आली होती.

"काय म्हणाल्या तुझ्या मॅडम?" घरात पाऊल टाकताच प्रश्न आला.

"बघतायत अजून."

"सावकाश बघू दे. लिहिलंयस किती!"

दुसऱ्या दिवशी वर्गातली चिमणी, बारीक आवाजाची आणि मोठ्या मनाची पोर, काकूच्या पिशवीत आपली वही कोंबून गेली. "काकू, हट्ट सोडा. उतरवून काढा आणि मोकळ्या व्हा. बहात्तरराव कोणाला नाही म्हणत नाहीत."

संध्याकाळी काकूने कोरी वही उघडली. 'वय पस्तीस' लिहिलं. 'नाडी बहात्तर' लिहिलं. हात चांगला भरभर चालत होता. समोर सासूबाई नातीचा फाटलेला खिसा शिवत होत्या. त्यांनी सवयीने मनगट पुढे केलं.

"आज नाही मोजत?"

"महिना संपला ना, आई."

"हो का," म्हणून त्यांनी हात मागे घेतला. मग थोड्या वेळाने, काही विशेष नाही अशा सुरात म्हणाल्या, "परत आली ना वही, की एकदा मला दे. माझ्यावर कोणी चार ओळी लिहिल्यात असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय."

काकूने कोरी वही मिटली. तिला मॅडमचा राग आला, चिमणीचा आला, त्या पस्तीस वर्षांच्या ठणठणीत माणसाचा तर असा आला की तो असता तर तिने त्याला जिन्यावरून ढकलून दिलं असतं. आणि सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या भरभर चालणाऱ्या हाताचा. तिने ते पान टराटरा फाडलं.

"शनिवारी सुट्टी घ्या दुकानातून," ती म्हणाली. "मॅडमकडे जायचंय."

"मी कशाला?"

"तुमचाच अभ्यास आहे. तुम्ही नको?"

शनिवारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. कॉलेजच्या व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसल्या आणि पिशवीतून एक अर्धी शिवलेली पँट काढून तिची टीप घालू लागल्या. रिकामं बसणं त्यांना कधी जमलं नाही.

आत मॅडमसमोर वह्यांचा ढीग होता. काकूने तीच जुनी वही पुढे ठेवली.

"हे काय? नवीन कुठे आहे?"

"नवीन नाही लिहिली."

"काकू, आज शनिवार आहे. वर्ष जाईल तुमचं."

"जाईल तर जाईल," काकू म्हणाली. "मॅडम, या ढिगातल्या एका तरी निरोगी माणसाला आत बोलवा. मी नाडी मोजते. आकडा जुळला तर मी आत्ता इथे बसून तुम्ही म्हणाल ते लिहिते. माझं माणूस बाहेर बाकावर बसलंय. तुम्ही मोजा."

मॅडम लालबुंद झाल्या. "मोठ्या विद्वान झालात हो! आया होतात तेव्हा तोंड नव्हतं एवढं."

"तोंड होतं, मॅडम. विचारत कोणी नव्हतं."

मॅडम उठल्या. काकूला वाटलं, आता प्राचार्यांकडे नेणार. पण त्या दारातून थेट बाकापाशी गेल्या आणि सासूबाईंच्या शेजारी बसल्या.

"हात द्या जरा."

सासूबाईंनी सुई पँटमध्ये टोचून ठेवली आणि हात दिला. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. पंधरा सेकंदांनी त्यांची बोटं, चारने गुणून टाकायच्या नेहमीच्या सवयीने, सुटू लागली, पण दारात उभ्या असलेल्या काकूकडे बघून पुन्हा बसली. पूर्ण मिनिट गेलं.

"शहाऐंशी," त्या म्हणाल्या. "काही त्रास होतो का तुम्हाला?"

"या बाजूने बोला," सासूबाईंनी बरा कान वळवला. "त्रास? आहेत की. या कानाला ऐकू येत नाही म्हणून गिऱ्हाईक दोनदा ओरडतं. साखर आहे. छातीचं तर हिने लिहिलंच असेल."

"मग बरं वाटतं का?"

"न वाटायला काय झालं? सकाळी उठते, दोन घास जातात, काम हातावेगळं होतं, पाठ टेकली की झोप लागते. आजारी होते ना, तेव्हा मला कळत होतं मी आजारी आहे. कोणी सांगायची गरज पडली नाही. आता कोणी म्हणालं तर म्हणणाऱ्याचं तोंड बघेन मी." मग त्यांनी मॅडमकडे निरखून पाहिलं. "तुम्हीच फार थकलेल्या दिसता, बाई. वेळेवर जेवता का?"

मॅडमनी हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता, तो सोडला आणि त्या आत आल्या. खुर्चीत बसल्यावर वही उघडून शेवटच्या पानावर गेल्या. पंचवीसपैकी तेरा लिहिले. काठावर पास. खाली सही केली.

"तेराच्या वर मागू नका. तपासणीला आले तर मला उत्तर द्यावं लागेल. निघा आता."

काकू हलली नाही. तिने वही उलटून पहिलं पान मॅडमसमोर धरलं.

"हे खोडा."

"अहो, सही केली म्हणजे ते रद्दच झालं!"

"ते तुम्हाला कळतं, मला कळतं."

"मग?"

"आईंना वाचता येतं," काकू म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर, जिथे बाकाचं एक टोक आणि टीप घालणारा एक हात दिसत होता. त्यांनी लाल पेनाचं टोपण पुन्हा काढलं. एकदा खोडलं, मग आडवं, मग उभं, अक्षराची रेघही वाचता येऊ नये इतकं गिरवलं, आणि वही बंद करून दिली.

काकू बाहेर येताच सासूबाईंनी हात पुढे केला. "बघू."

"घरी वाचा ना, आई. उशीर होतोय."

"होऊ दे."

त्यांनी चष्मा लावला. पँटची घडी करून मांडीवर ठेवली आणि तिच्यावर वही. पहिल्या पानावरच्या लाल गिरगोट्यावर त्यांचं बोट थांबलं.

"इथे काय होतं गं?"

"चुकलं होतं. मॅडमचं."

"असू दे. एवढं लिहायचं म्हणजे चुकायचंच," सासूबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

एकेका ओळीखाली बोट सरकू लागलं. मध्येच त्या पुटपुटल्या, "पाचला नाही उठत मी, साडेचारला," आणि काकूकडून पेन मागून घेऊन त्यांनी ते दुरुस्त केलं. शस्त्रक्रियेच्या पानावर आल्यावर त्यांनी वही थोडी जवळ धरली. ते पान त्यांनी वाचलं, आणि मग पुन्हा वरपासून वाचलं. मुली बाकासमोरून हसत-खिदळत जात होत्या, कोणीतरी काकूला हाक मारली, दुपारची घंटाही झाली. काकू त्यांची पिशवी दोन्ही हातांत धरून बाजूला उभी राहिली, आणि सासूबाई कोणाकडेही न बघता, ताठ बसून, पुढचं पान वाचत राहिल्या.