पाडव्याची गाडी

उदयसिंहनं नाव गोठ्याच्या खांबाला बांधली आणि पुन्हा हात पुढं केला.

"मावशी, या आता. पाणी चढाय लागलंय."

गौराबाई लुगडं खोचून गव्हाणीत उभी होती. खाली चार म्हशी पोटापर्यंत पुराच्या पाण्यात फुरफुरत होत्या. तिनं हात काही धरला नाही.

"आधी माझ्या म्हशी."

म्हशींची दावी तिनं केव्हाच सोडली होती. नावेवरच्या कृष्णातनं दोनदा त्यांना वल्ह्यानं हुसकून बाहेरही काढलं होतं. पोहायला त्या पटाईत, पण गल्लीच्या तोंडापर्यंत जायच्या, वळायच्या आणि परत आपापल्या जागी येऊन उभ्या राहायच्या. जनावराला गोठा म्हणजे घर. ते घरच बुडतंय हे त्याला कुणी सांगायचं?

उदयसिंह कागलच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. पूर आला की सुट्टीच्या दिवशी तालमीच्या नावेवर माणसं बाहेर काढायला यायचा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस, असं बायको म्हणायची आणि तो हसून सोडून द्यायचा. आज हसू येत नव्हतं. पलीकडच्या गल्लीत माणसं गच्चीवर वाट बघत होती, आणि ही बाई म्हशींपायी अडून बसलेली. त्याला तिचा रागच आला.

"उदयदा, उचलून घालू की नावंत," कृष्णात हळूच म्हणाला. "दोघं हाय आपण."

गौराबाईनं ते ऐकलं. वाकून तिनं जवळच्या म्हशीचं शिंग घट्ट धरलं.

"उचल बघू," ती म्हणाली.

कृष्णात जागचा हलला नाही. उदयसिंह त्या शिंगाकडे बघत राहिला. त्यावर गेल्या दिवाळीतल्या रंगाचे पट्टे अजून पुसटसे दिसत होते. म्हणजे या म्हशी दिवाळी पाडव्याला पळवायच्या. पाडव्याला म्हशी नटवायच्या, रस्त्यावर आणायच्या आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं काढायची, की त्या आवाजामागं म्हस जीव तोडून पळते. दुसऱ्याच्या गाडीकडं ढुंकूनसुद्धा बघत नाही.

"मावशी, ह्यांना पळवायचं कोण?"

तिचा हात पदराच्या गाठीवर गेला.

"शिवशरण. पोरगा माझा. दिवाळी झाली आन् ट्रकखाली गेला."

"आणि गाडी?"

"भाच्यानं ढकलत वर नेलीया. हमरस्त्याला हाय, दुकानापुढं. तवापास्नं कुणाला चालू करू दिली न्हाय मी."

पाणी गव्हाणीच्या काठावरून आत आलं आणि तिच्या पावलांना लागलं. सगळ्यांत धाकटी वगार मान ताणून तोंड कसंबसं पाण्यावर धरून होती. उदयसिंहनं चावी मागितली नाही. हात तेवढा पुन्हा पुढं केला.

गौराबाईनं वगारीकडं बघितलं. मग दातानं गाठ सोडली आणि चावी त्याच्या हातावर ठेवली.

"शेवटची म्हस भाईर पडल्याबिगर मी हलत न्हाय," ती म्हणाली. "आन् रेस हळू वाढवा. त्यो एकदम वाढवत नव्हता."

कृष्णातनं त्याला हमरस्त्याला उतरवलं आणि नाव माघारी वळवली. उदयसिंहनं किक मारली. गाडी नुसती खोकली. पुन्हा मारली, तेच. इतके महिने बंद असलेली गाडी. ही चालू झाली नाही तर बाई म्हशींबरोबर बुडेल, आणि तिला तिथं ठेवून आलो आपण. त्यानं सगळा भार टाकून किक मारली आणि अख्खा रस्ता दणाणला.

तो रेस हळूहळू वाढवत गेला. गल्लीच्या तोंडाशी नुसतं गढूळ पाणी होतं. मग शिंगं दिसली. थोरली म्हस दरवेळी जिथून वळत होती तिथवर आली, आणि वळली नाही. तिच्यामागं दुसऱ्या दोघी. सगळ्यांत मागं नाव, आणि नावेतून वाकून गौराबाईनं वगारीची हनुवटी पाण्यावर उचलून धरलेली.

म्हशी वर चढल्या आणि पाणी निथळत गाडीभोवती उभ्या राहिल्या. थोरलीनं उदयसिंहचा हात हुंगला, गुडघा हुंगला. मग तोंड फिरवलं आणि मान वर करून रस्त्याकडं बघत राहिली.

"चला उदयदा," कृष्णातनं नावेतून हाक मारली. "माणसं खोळंबल्याती तिकडं."

उदयसिंहनं गाडी स्टँडला लावली आणि बंद करायला चावीकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे, पावणं." गौराबाई शेजारी येऊन उभी होती. ओला हात तिनं पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. टाकी थरथरत होती, तिच्याबरोबर हातही. "बंद नगा करू. आतलं पेट्रोल संपू दे."

त्यानं हात मागं घेतला आणि नावेत जाऊन बसला. पलीकडच्या गल्लीत पोचेपर्यंत गाडीचा आवाज येत होता.