तटाखालच्या वस्तीत गेलेली पाटी

तळहाताएवढी, अक्रोडाच्या लाकडाची पाटी मी. ट्रान्सिल्व्हेनियातल्या आमच्या तटबंदीच्या गावात घरोघरी निरोप न्यायचा, एवढंच माझं काम. निरोपाचा कागद माझ्यावर चिकटवायचा, मला उजव्या हाताच्या घरी द्यायचं, त्यांनी वाचून पुढे. लग्नं नेली, विहीर उपसायची बोलावणी नेली. मरणाचा निरोप मात्र न बोलता द्यायचा. तो मिळाला की शेजारीच खड्डा खणत, शेजारीच खांदा देत. देवानं माणसाला शेजार दिला तो यासाठीच, असं मला वाटतं.

पुढे आमची, जर्मन बोलणारी माणसं परदेशी गेली. तट राहिला, बुरूज राहिले, आणि राहिले आगनेथाआजी नि मिशआजोबा.

परवाच्या शरदात आजोबा गेले. आजींनी लिहिलं, 'माझा मिश गेला. उद्या दहाला. फावडी आणा.' उजवीकडच्या घरात आता पर्यटक उतरतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण दुःखात पाय सवयीच्याच वाटेने जातात. दार उघडलं शहरातून आलेल्या इओआनाबाईंनी. आजींनी मला त्यांच्या हाती दिलं आणि मुकाट्यानं परतल्या. बाईंना आमची भाषा वाचता येत नव्हती; भेटवस्तू समजून त्यांनी मला पिशवीत ठेवलं.

दुपारपर्यंत मी त्यांच्याबरोबर तट हिंडले. "किती जपलंय हो सगळं, कौल न् कौल जागेवर," त्या म्हणत होत्या. मला घोर लागला होता, आजोबांना खांदा कोण देणार?

बुरुजाशी तिकिटं देणाऱ्या लेनूत्साला त्यांनी मला कौतुकानं दाखवलं. ती तटाखालच्या जिप्सी वस्तीतली. आमच्या घरांतून धुणीभांडी करता करता आमची भाषा वाचायला शिकलेली. मला त्या वस्तीत न्यायचा रिवाजच नव्हता.

"कुणी दिली ही?"

"शेजारच्या आजींनी. गोड आहेत, एक शब्द बोलल्या नाहीत."

"बोलतील कशा? नवरा गेलाय त्यांचा. तुम्हाला खड्डा खणायला बोलावलंय."

बाईंचा चेहरा उतरला. "मी कधी फावडं धरलं नाही हो."

"उद्या धराल. आणा ती इकडे."

लेनूत्सानं मला खाली नेलं, दारोदार फिरवलं. तिचा दीर तोर्नेल फणकारला, "आजवर आम्हाला कधी बोलावलं नाही. आता खड्ड्यापुरती आठवण झाली?"

"त्यांना नाही, मला झाली. फावडं घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या दारात नऊ माणसं उभी होती. इओआनाबाईही. आजी एकेक चेहरा बघत राहिल्या. मग तोर्नेलला म्हणाल्या, "तू पुढून खांदा दे बाबा. उंच आहेस."

आता मी तटाच्या आतही फिरते आणि खालच्या वस्तीतही. तुम्ही तट बघायला जरूर या. पण कुणी न बोलता हाती काही दिलं, तर तेवढं विचारा, "आजी, घरी सगळे बरे आहेत ना?"